घरचा प्रिंटर वायफायला जोडताना



गेल्या जूनमधली गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमारास कारंजा तालुक्यातली एक मुलगी वडिलांसोबत आमच्या वर्ध्याच्या घरी आली. बारावी झालेली. वसतिगृहाचा अर्ज तिने मोबाईलवर स्वतःच भरला होता. आता फक्त अर्ज कागदावर काढायचा, सही करायची आणि पाच वाजायच्या आत कार्यालयात नेऊन द्यायचा. शेवटचा दिवस होता. प्रिंटर टेबलावर, मोबाईल हातात, दोघांमध्ये जेमतेम दोन हात अंतर. तेवढ्यात लाइट गेली. पंधरा मिनिटांनी आली. प्रिंटरचा दिवा लागला, पण मोबाईलच्या पडद्यावर एकच ओळ : प्रिंटर ऑफलाइन आहे.

"मावशी, लाइट तं आली, मंग हे काऊन नाही निघून राह्यलं?" तिने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. मी प्रिंटर तीनदा बंद-चालू केला. मोबाईलमधले ॲप काढून पुन्हा घातले. शेवटी घाबरून प्रिंटर पूर्ववत करणारे बटण दाबून धरले, आणि होते तेही गेले. प्रिंटर आमच्या वायफायचे नावच विसरला. सव्वाचार वाजता खोक्याच्या तळाशी पडलेली केबल आठवली. अर्जाची फाईल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपवर घेतली, प्रिंटरला केबल लावली आणि पाने बाहेर आली. बापलेक पाचला दहा मिनिटे कमी असताना कार्यालयात पोहोचले.

नंतर शांतपणे तपासले तेव्हा कळले की काहीच बिघडले नव्हते. प्रिंटर चांगला होता, वायफाय चांगले होते. मला फक्त एक साधी गोष्ट माहीत नव्हती. ती तुमच्यापैकी कोणाला ऐन वेळी अडवू नये म्हणून या अंकात हा पाठ.

हे आपण का शिकायचे?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास आहे आणि त्यात दर शंभरात अकरा-बारा माणसे आदिवासी आहेत. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, समुद्रपूर अशा तालुक्यांतली गोंड, परधान कुटुंबे, कोलाम पोडांवरची कुटुंबे यांच्या मुलांना शिकायचे म्हटले की पहिल्यांदा कागद लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बोनाफाईड, शिष्यवृत्तीचा अर्ज. अर्ज ऑनलाइन झाले असले तरी छापील प्रत बऱ्याच ठिकाणी मागतातच.

जात पडताळणीची फाईल तर जाडजूड होते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची धरली जाते. त्याआधीचा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा किंवा महसुलाचा एखादा उतारा सापडला, तर त्या एका कागदावर पुढच्या पिढीचे शिक्षण उभे राहू शकते. २००६ च्या वन हक्क कायद्याखालच्या दाव्यांचेही तसेच. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवायचे, तर पुरावे गोळा करून, प्रती काढून ग्रामसभेच्या वन हक्क समितीपुढे ठेवावे लागतात.

एक पान काढायला तालुक्याला जायचे म्हणजे शेतमजुराची एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे. दुकानात पोहोचावे तर तिथेही लाइट गेलेली. आपल्या मंडळीतील काही घरांत टाळेबंदीच्या काळात मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेले प्रिंटर आहेत. त्यांतले काही आज कापडाखाली झाकून ठेवलेले आहेत, कारण "ते वायफायला लागत नाही". म्हणून आधी तेच पाहू.

मुख्य सूत्र : एकच वाडा

वायफाय म्हणजे इंटरनेट, असा आपला समज असतो. तो आधी सोडू या. तुमच्या घरचा राउटर हा एका वाड्यासारखा आहे. मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर हे त्या वाड्यातले बिऱ्हाडकरू. वाड्यात येणाऱ्या प्रत्येकाला राउटर एक खोली क्रमांक देतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. तो १९२.१६८.१.७ अशा धाटणीचा असतो. मोबाईलला छपाई करायची असली की तो त्या क्रमांकाच्या खोलीत फाईल नेऊन देतो. इंटरनेट म्हणजे वाड्याचा रस्त्यावर उघडणारा दरवाजा. तो बंद असला तरी आतल्या आत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाता येते. त्यामुळे रिचार्ज संपलेला असला तरी मोबाईलमध्ये आधीच असलेली फाईल बहुतेक प्रिंटरवर निघते. काही ॲपना पहिल्या नोंदणीपुरते इंटरनेट लागते, एवढेच.

यातून पाठाचे सूत्र निघते : प्रिंटर आणि मोबाईल एकाच वाड्यात हवेत, आणि मोबाईलला प्रिंटरचा खोली क्रमांक बरोबर माहीत हवा. छपाई अडली की दहापैकी आठ-नऊ वेळा या दोहोंपैकी एक गोष्ट चुकलेली असते, असा माझा अनुभव आहे.

आता या वाड्याला दोन जिने असतात. आजकालचे बरेच राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर काम करतात. ५ चा पट्टा वेगवान, पण भिंती ओलांडताना लवकर थकतो. २.४ चा हळू, पण लांब जातो. भारतात २.४ चा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून घरोघरी राउटर लावायला कोणाची परवानगी लागत नाही. घरगुती प्रिंटरपैकी पुष्कळांना फक्त २.४ चा जिना चढता येतो. त्यांना ५ च्या पट्ट्याचे नाव यादीत दिसतच नाही. तुमच्या घरी दोन नावे दिसत असतील, एक साधे आणि एकाच्या शेवटी '५जी' लिहिलेले, तर प्रिंटरला साधे नाव द्या. जोडणी चालू असेपर्यंत मोबाईलही त्याच साध्या नावावर ठेवा. एकदा जोडणी झाली की मोबाईल ५ वर गेला तरी सहसा चालते, कारण जिने दोन असले तरी वाडा एकच.

प्रिंटर कुठे ठेवावा?

आपल्याकडे उन्हाळ्यात कुलर लागतो. त्याचे पत्र्याचे अंग आणि आतले पाणी, दोन्ही वायफायच्या लहरींना अडवतात. पत्रा त्यांना परतवून लावतो, पाणी त्यांना शोषून घेते. राउटर आणि प्रिंटर यांच्या मधोमध कुलर आला, तर मार्चपर्यंत चालणारा प्रिंटर एप्रिलमध्ये रुसतो. लोखंडी कपाटाचेही तसेच. जुन्या घरांच्या हातभर जाड मातीच्या भिंतीही लहरींचा जोर कमी करतात. म्हणून पहिली जोडणी राउटरच्याच खोलीत करा. जमल्यावर प्रिंटर त्याच्या जागेवर न्या आणि तिथून एक पान काढून पाहा. तिथे अडला, तर दोष जोडणीचा नाही, जागेचा आहे.

आणखी दोन गोष्टी. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. शाईचा प्रिंटर खिडकीच्या उन्हात ठेवला आणि महिनाभर वापरला नाही, तर शाई नळीच्या तोंडाशी वाळते. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि अडकतो. उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

सुरुवात करण्याआधी

तीन गोष्टी एका कागदावर लिहून घ्या : वायफायचे नेमके नाव, त्याचा पासवर्ड आणि प्रिंटरचे मॉडेल. पासवर्डमध्ये इंग्रजी मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते. शून्य आणि 'ओ', एक आणि 'एल' यांची गल्लत होते. बहुतेक राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर कंपनीने दिलेले नाव आणि पासवर्ड असतात. तुम्ही बदलले नसतील तर तेच चालतात. अर्धा तास मोकळा ठेवा आणि जोडणी शेवटच्या तारखेच्या दिवशी करू नका.

जोडण्याच्या तीन पद्धती

*पहिली, प्रिंटरला पडदा असेल तर.* सर्वांत सोपी. प्रिंटरच्या पडद्यावर सेटिंगमध्ये जा, नेटवर्क किंवा वायरलेस निवडा, वायफायची यादी येऊ द्या, आपले नाव निवडा, पासवर्ड भरा. छोट्या पडद्यावर अक्षरे एकेक करून निवडावी लागतात. घाई करू नका.

*दुसरी, बटणाची.* प्रिंटरला पडदा नसेल आणि राउटरवर 'डब्ल्यूपीएस' लिहिलेले बटण असेल तर ही वापरा. प्रिंटरचे वायरलेसचे बटण त्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. मग राउटरचे डब्ल्यूपीएस बटण दाबा. दोघांना एकमेकांना ओळखायला दोन मिनिटांची मुदत असते. तेवढ्यात दुसरे बटण दाबले गेले नाही, तर पहिल्यापासून सुरू करावे लागते. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की समजा जमले. पासवर्ड भरावा लागत नाही.

*तिसरी, मोबाईल ॲपची.* आता बहुतेक घरगुती प्रिंटर असेच जोडले जातात, आणि गोंधळही इथेच होतो. नवा प्रिंटर सुरू केला की तो काही काळ स्वतःचेच एक तात्पुरते वायफाय उघडतो. ॲप मोबाईलला आधी त्या वायफायवर नेते, तिथे प्रिंटरला तुमच्या घरच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड सांगते, आणि मग दोघेही घरच्या वायफायवर परततात. नवी सून घरात येण्याआधी घरचे माणूस वेशीपर्यंत जाऊन तिला घेऊन येते, तसेच हे. त्या फेरीत चार ठिकाणी अडथळा येतो :

१. ॲप 'लोकेशन'ची परवानगी मागते. आपण नाही म्हणतो. अँड्रॉइड मोबाईलमध्ये जवळचे वायफाय शोधायला ही परवानगी लागू शकते. जोडणीपुरती द्या, नंतर काढून घ्या.

२. प्रिंटरच्या तात्पुरत्या वायफायला इंटरनेट नसते. मोबाईल विचारतो, इथे इंटरनेट नाही, तरी राहायचे का? 'हो' म्हणा. नाही म्हटले की तो वेशीवरून परत फिरतो.

३. मोबाईल डेटा चालू असेल तर मोबाईल आपोआप तिकडे पळतो. जोडणी होईपर्यंत डेटा बंद ठेवा. व्हीपीएन असेल तर तेही बंद करा.

४. प्रिंटरचे तात्पुरते वायफाय ठरावीक वेळच उघडे असते. काही प्रिंटरमध्ये ते सुमारे दोन तास असते. ती वेळ टळली, तर पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने प्रिंटरचे फक्त नेटवर्क पूर्ववत करावे लागते. जूनमध्ये मी जे बटण भलत्या वेळी दाबले, त्याची खरी वेळ ही.

एवढे करूनही प्रिंटर नवीन राउटरला नकार देत असेल आणि प्रिंटर जुना असेल, तर राउटरची सुरक्षा फक्त 'डब्ल्यूपीए३' वर ठेवली आहे का ते पाहा. जुन्या प्रिंटरला ती भाषा येत नाही. तिथे 'डब्ल्यूपीए२ आणि ३' असा मिश्र पर्याय निवडता येतो. सुरक्षा मात्र पूर्ण उघडी कधीही करू नका.

राउटर नसेल तर?

पोडावर किंवा गावातल्या समाजमंदिरात शिबिर घेतो तेव्हा राउटर कुठून आणणार? तिथे मोबाईलचे हॉटस्पॉट हाच वाडा. एका मोबाईलवर हॉटस्पॉट सुरू करा, त्याचा पट्टा २.४ वर ठेवा आणि प्रिंटर त्याला जोडा. त्याच नावाचे आणि त्याच पासवर्डचे हॉटस्पॉट पुढच्या वेळी सुरू केले की प्रिंटर सहसा ओळख ठेवून येतो. नाव बदलू नका. बऱ्याच प्रिंटरमध्ये 'वायफाय डायरेक्ट' हीही सोय असते. मोबाईल थेट प्रिंटरच्या वायफायला जोडायचा, छापायचे आणि सुटायचे. मोबाईलला रेंज नसलेल्या ठिकाणीही हे चालते.

आणि केबल. ती वीसएक रुपयांच्या फाईलमध्ये घालून प्रिंटरसोबतच ठेवा. वायफाय ही सोय आहे, केबल हा आधार आहे.

मोबाईल आणि लॅपटॉपला प्रिंटर दाखवणे

प्रिंटर वाड्यात आला, आता इतरांशी ओळख करून द्यायची. अँड्रॉइड मोबाईलमध्ये सेटिंगच्या शोधात 'प्रिंटिंग' लिहा आणि छपाईची सेवा चालू करा. मग पीडीएफ उघडून 'प्रिंट' दाबले की प्रिंटरचे नाव दिसते. आयफोनला ही सोय आतच असते, प्रिंटर तिला साथ देणारा हवा. विंडोज लॅपटॉपमध्ये सेटिंगमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा, 'ॲड डिव्हाइस' दाबा आणि यादीत नाव येईपर्यंत मिनिटभर थांबा.

पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' वायफाय ठेवले असेल, तर त्यावरून प्रिंटर सापडत नाही. ते मुद्दाम तसेच केलेले असते. पाहुण्याला ओसरीवर बसवले आहे, माजघरात नाही.

लाइट गेल्यावर काय होते?

आता जूनच्या त्या दुपारकडे येऊ. लाइट आली की प्रिंटर लवकर जागा होतो. राउटर मात्र पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो. प्रिंटर उठून पाहतो तर वाडाच जागेवर नाही. काही प्रिंटर थोडा वेळ शोधतात आणि गप्प बसतात. इकडे मोबाईलला वायफाय सापडत नाही म्हणून तो डेटावर जातो आणि तिथेच राहतो. दोघे चालू, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. राउटर पुन्हा सुरू झाला की खोल्यांचे वाटप नव्याने होऊ शकते. प्रिंटर काल सातव्या खोलीत होता, आज अकराव्या. लॅपटॉप मात्र जुन्या पत्त्यावर, सातव्या खोलीचे दार ठोठावत बसतो. उत्तर आले नाही की लिहितो, ऑफलाइन. प्रिंटर घरातच आहे, फक्त पत्ता बदलला आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

उपाय क्रमाने करा. क्रम महत्त्वाचा आहे :

१. प्रिंटर बंद करा. राउटर बंद करून चालू करा आणि तीन मिनिटे थांबा.

२. आता प्रिंटर चालू करा. वायरलेसचा दिवा स्थिर होऊ द्या.

३. मोबाईलचा डेटा बंद करा, वायफायचे नाव डोळ्यांनी वाचून खात्री करा.

४. लॅपटॉपवर अडकून पडलेली जुनी छपाईची कामे रद्द करा. विंडोजमध्ये प्रिंटरच्या यादीत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' या ओळीपुढे खूण असेल तर ती काढा.

५. तरी नाही निघाले, तर प्रिंटरमधून नेटवर्कची माहिती देणारे पान काढा. कोणती बटणे दाबायची ते पुस्तिकेत असते. त्या पानावर आयपी ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने प्रिंटरला खोली दिलेलीच नाही. जोडणी पुन्हा करा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर प्रिंटर वाड्यात आहे. मग लॅपटॉपवरून प्रिंटर काढून नव्याने जोडा, म्हणजे नवा पत्ता कळेल.

सगळे पूर्ववत करणारे बटण या यादीत नाही, हे लक्षात घ्या. ते शेवटचे.

कायमचा उपाय हवा असेल, तर राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक खोली राखून ठेवता येते. त्याला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात. स्वतःला जमत नसेल, तर इंटरनेटचे कनेक्शन देणारा मुलगा पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा त्याला सांगा, "प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये कायम करून द्या." आमच्या घरी हे केल्यापासून लाइट कितीदा तरी गेली, प्रिंटर हरवला नाही. राउटर इन्व्हर्टरवर घेतला तर आणखी बरे. लेझर प्रिंटर मात्र छोट्या यूपीएसवर लावू नका. छापताना तो एकदम खूप वीज ओढतो.

मराठी अक्षरे आणि जुने उतारे

१८०५ साली श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले, तेव्हा देवनागरीचे धातूचे खिळे हाताशी असावे लागले. ज्या अक्षराचा खिळा पेटीत नाही, ते अक्षर कागदावर उमटणार नाही. आजही नियम तोच आहे. गावाकडून आलेला मराठी अर्ज तुमच्या लॅपटॉपवर उघडल्यावर भलतीच चिन्हे दिसली, तर तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कागदांचे हे नेहमीचे आहे. ज्याने टाइप केले त्यालाच पीडीएफ करून पाठवायला सांगा. पीडीएफ करताना खिळे सहसा फाईलसोबतच येतात.

छापण्याआधी कागदाचा आकार 'ए४' आहे का ते पाहा. 'लेटर' राहिले तर खालची ओळ कापली जाऊ शकते, आणि सहीची जागा बहुधा खालीच असते.

स्कॅनर असलेला प्रिंटर वायफायला जोडला की स्कॅनही मोबाईलवर येते. आजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारिज रजिस्टरचा पिवळा पडलेला उतारा स्कॅन करताना घड्या हाताने दाबू नका, काच आधी पुसून घ्या, ३०० डीपीआय ठेवा आणि रंगीतच घ्या. काळ्या-पांढऱ्यात फिकट शाई आणि शिक्का हरवतात. मूळ कागद त्याच वेळी त्याच माणसाच्या हातात परत द्या.

दुसऱ्याचा कागद आपल्या घरी

ज्यांना मदत करतो त्यांचा आधार क्रमांक, बँक पासबुक, जातीचा दाखला आपल्या मोबाईलमध्ये येतो. देणारा विश्वासाने देतो, आणि बऱ्याचदा काय दिले ते त्याला पुरते माहीत नसते. म्हणून जबाबदारी आपली.

काम झाले की त्याच्यासमोर फाईल पुसा, डाउनलोडमधून आणि व्हॉट्सॲपमधूनही. बिघडलेले पान पाठकोरे म्हणून वापरू नका, फाडून टाका. पूर्ण क्रमांक लागत नसेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेली आधारची प्रत काढून देता येते. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदला. डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिन बंद ठेवा. त्यातली कमजोरी २०११ सालीच उघड झाली आहे. बटणाची पद्धत दोन मिनिटांपुरतीच उघडी असते, ती चालते. आणि प्रिंटर विकताना किंवा कोणाला देताना मात्र तो पूर्ण पूर्ववत करा, म्हणजे तुमचा वायफायचा पासवर्ड त्याच्यासोबत जाणार नाही. त्या बटणाची ही दुसरी योग्य वेळ.

उजळणी

१. घरचा रिचार्ज संपला आहे. मोबाईलमध्ये असलेली पीडीएफ छापता येईल का? का?

२. प्रिंटरच्या यादीत तुमच्या वायफायचे '५जी' नाव दिसत नाही. प्रिंटर बिघडला आहे का?

३. लाइट आल्यावर आधी काय चालू करायचे? किती वेळ थांबायचे?

४. नेटवर्कच्या पानावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. याचा अर्थ काय?

५. काम झाल्यावर कोणत्या दोन ठिकाणांहून फाईल पुसायची?

स्वाध्याय. या आठवड्यात घरचा प्रिंटर कापडाखालून बाहेर काढा. जोडा. एक पान काढा. मग मुद्दाम राउटर बंद करून चालू करा आणि पुन्हा एक पान काढून पाहा. दुसरे पान निघाले तरच जोडणी झाली असे समजा. वायफायचे नाव आणि प्रिंटरचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून घरच्यांना सापडेल अशा जागी ठेवा, पासवर्ड मात्र त्यावर नको.

ती मुलगी आता वसतिगृहात राहते. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना आमच्याकडे आली होती, धाकट्या भावाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर तिने मोबाईलचा डेटा बंद केलेला, वायफायचे नाव वाचून पाहिलेले आणि पान निघालेले. "मावशी, फाईल पुसू ना आता?" तिने विचारले. हा प्रश्न मी तिला शिकवला नव्हता. जूनमध्ये घाईच्या वेळी मी तिची फाईल लॅपटॉपवरून पुसली होती, तेवढे तिने पाहिले होते.